वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं : कामाची जागा आणि आरोग्य

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये सहा वर्षं नोकरी करते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी, अवयव फॉर्मलिनमध्ये घालून आमच्याकडे येतात. ग्रॉसिंगच्या, म्हणजे हे अवयव कापून तपासणीसाठी तुकडे काढण्याच्या वेळी मी पॅथॉलॉजिस्ट सरांच्या शेजारी साधारण दोन तास उभी असते. सकाळी पाच लिटरच्या कॅनमधून छोट्या डब्यांत फॉर्मलिन भरायचं कामही माझ्याचकडे आहे. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी येतं, घसा खवखवतो. अर्ध्या तासानं मात्र वास यायचा थांबतो. खोलीत एसी आहे म्हणून खिडकी कायम बंद. एक्झॉस्ट फॅन वर छताजवळ आहे.

आमच्याकडे जुने नमुने ओतून बरण्या धुणारे एक मामा होते. २६ वर्षं त्यांनी तेच काम केलं. गेल्या वर्षी त्यांना ब्लड कॅन्सर निघाला आणि चार महिन्यांत ते गेले. तेव्हापासून मी रात्री मोबाइलवर वाचत बसते. फॉर्मलिन 'ग्रुप १' चं कॅन्सरकारक आहे असं सगळीकडे लिहिलंय. आता आम्ही मुलाचा विचार करतोय. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. मिस्टर म्हणतात, मास्क लावतेस ना, मग झालं. व्यवस्थापन म्हणतं, सगळ्या लॅबमध्ये असंच असतं. मला खरंच कॅन्सर होईल का? कोणती रक्ततपासणी करून घेऊ?

उत्तर : मामांबद्दल वाचलं आणि तुमचं पत्र मी बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात घेतलं. अशा बरण्या धुणारे हात मी जवळून पाहिले आहेत.

१९८१ साली मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये शिरलं की पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे डोळे गळायचे. मग गळायचे थांबायचे आणि आम्हाला वाटायचं, सवय झाली, बरं झालं. पुढं चार वर्षं मी त्याच विषयाची डेमॉन्स्ट्रेटर होते. माझ्या बोटांच्या पेरांची कातडी जाड होऊन तिला चिरा पडायच्या. आई म्हणायची भांड्यांच्या पावडरीनं होतंय. मी औद्योगिक आरोग्याकडे वळले, तेव्हा कुठं मला कळलं की ते फॉर्मलिन होतं.

या बोटांवरूनच सांगते. १८९३ मध्ये फ्रँकफर्टच्या फर्डिनंड ब्लूम या डॉक्टरांनी जंतुनाशक म्हणून फॉर्मलिन तपासायला घेतलं होतं. काम करता करता त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली. जिवंत बोटाला असं होतं, तर काढलेल्या अवयवालाही हे टिकवून ठेवील, हे त्यांनी ओळखलं. तुमची सगळी लॅब त्या एका निरीक्षणावर उभी आहे. फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्मल्डिहाइड वायू. हा वायू प्रथिनांना एकमेकांत गुंफून टाकतो. बरणीतल्या गाठीला जे होतं तेच थोड्या प्रमाणात तुमच्या नाकाच्या आतल्या ओल्या अस्तराला होतं. पेशीतलं डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात. शरीर ती गुंफण सोडवत राहतं. झोत मोठा आणि वारंवार असला की सोडवण्याचं काम मागं पडतं, अस्तर पुन्हा पुन्हा मरतं, पुन्हा पुन्हा वाढतं आणि त्या घाईत चुकीची पेशी टिकून जाते.

आता 'ग्रुप १'. फ्रान्समधल्या लिऑनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे. तिनं २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. हा गट एवढंच सांगतो की या पदार्थानं माणसाला कॅन्सर होतो याचा पुरावा पक्का आहे. किती घेतल्यावर होतो आणि किती जणांना होतो, हे तो सांगत नाही. याच गटात सुपारी आहे, मिश्री-तंबाखू आहे, दारू आहे आणि ऊनही आहे. अंगणात पापड वाळत घालणारी बाई आणि दिवसातून पाच वेळा मिश्री लावणारी बाई या दोघींचा धोका एक नाही, हे आपल्याला न सांगता कळतं. मोबाइलवर वाचताना मात्र 'ग्रुप १' दिसलं की आपण थिजतो. तुमचा प्रश्न 'कॅन्सरकारक आहे का' हा नाहीच, त्याचं उत्तर 'हो' असं केव्हाच मिळालंय. तुमच्या नाकाशी ते किती येतं, किती वेळ येतं, किती वर्षं येणार, हा खरा प्रश्न आहे.

'किती'ला एवढं महत्त्व का, ते उंदरांच्या एका जुन्या प्रयोगातून समजतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं, रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस फॉर्मल्डिहाइड मिसळलेली हवा दिली. १४.३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सव्वाचौदा भाग, एवढी हवा मिळालेल्या जवळजवळ निम्म्या उंदरांना नाकाचा कॅन्सर झाला. ५.६ पीपीएमला दोनच उंदरांना झाला. २ पीपीएमला एकालाही नाही. मात्रा सातपट वाढली आणि आजार शून्यावरून निम्म्यावर गेला. उंदीर फक्त नाकानंच श्वास घेतो, त्यामुळं हे आकडे माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी कल या प्रयोगानं स्पष्ट दाखवला.

माणसांचा मोठा अभ्यास अमेरिकेतल्या दहा कारखान्यांतल्या पंचवीस हजारांहून अधिक कामगारांचा आहे. त्यांत नाकामागच्या घशाच्या कॅन्सरनं गेलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते, पण अपेक्षेपेक्षा जास्त होते. हा कॅन्सर आपल्याकडे नागालँडसारख्या भागात बराच दिसतो, महाराष्ट्रात फार कमी. जे मुळात दुर्मीळ आहे ते दुप्पट झालं तरी दुर्मीळच राहतं. 'धोका दुप्पट' अशी बातमी वाचलीत की 'कशाच्या दुप्पट?' हे आधी विचारा.

रक्ताच्या कॅन्सरचं गणित मात्र अजून वादात आहे, आणि मामांमुळं तुम्हाला नेमकं तेच टोचतंय. मृतदेह टिकवण्याचं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांमध्ये, जितकी वर्षं काम जास्त तितका मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर जास्त, असं २००९ मधल्या अभ्यासात दिसलं. कारखान्यांच्या अभ्यासात तो एकूण मात्रेपेक्षा अधूनमधून येणाऱ्या मोठ्या झोतांशी जोडलेला दिसला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनंही हा संबंध मान्य केला. दुसरी बाजू म्हणते, हा वायू नाकातच विरघळून संपतो, मग रक्त जिथं तयार होतं त्या हाडांच्या मगजापर्यंत पोचतो कसा? शरीर स्वतःच फॉर्मल्डिहाइड बनवतं, दर लिटर रक्तात दोन-तीन मिलिग्रॅम ते कायम असतं आणि श्वासातून घेतल्यानं ते वाढलेलं सापडत नाही. ही हरकत पोकळ नाही. तरीही मी सावध बाजूला उभी आहे. वाट कशी ते कळलं नाही म्हणून माणसं त्या वाटेनं गेलीच नाहीत असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या खोलीत येऊ. तिथली हवा कोणी मोजलेली नाही, म्हणून उदाहरणादाखल आकडे धरते. ग्रॉसिंगचे दोन तास १ पीपीएम. डबे भरण्याचा पाव तास ३ पीपीएम. उरलेले पावणेसहा तास ०.१ पीपीएम. गुणाकार करून बेरीज केली तर ३.३२५ येते, आठ तासांनी भागल्यावर सरासरी सुमारे ०.४२. अमेरिकेच्या कायद्याची आठ तासांची मर्यादा ०.७५ आहे, म्हणजे सरासरीत तुम्ही पास. पण त्याच कायद्यात कोणत्याही १५ मिनिटांसाठी २ पीपीएमची मर्यादा आहे, तिथं डबे भरतानाच नापास. युरोपनं २०१९ मध्ये आठ तासांना ०.३ आणि १५ मिनिटांना ०.६ ठरवली, तिथं दोन्हीकडे नापास. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संघटना तर ०.१ आणि ०.३ सुचवते. हवा तीच, माणूस तोच, फक्त रेघ कुठं ओढली ते वेगळं. रेघेच्या आत आहे म्हणून निर्धास्त आणि बाहेर गेलं म्हणून मरणार, असं दोन्ही नसतं.

एका लॅबमध्ये मी स्वतः मोजायला गेले होते. खोलीच्या मध्यावर ठेवलेल्या, वायू लागला की रंग बदलणाऱ्या नळीचा रंग जेमतेम बदलला, व्यवस्थापक खूश झाले. मग मी तिथल्या मुलीला सांगितलं, रोजच्यासारखा कॅन ओत, आणि दुसरी नळी तिच्या कॉलरपाशी धरली. काही मिनिटांत रंग वर चढला. खोलीची हवा आणि माणसाच्या नाकाजवळची हवा वेगळी असते. मोजायची ती नाकाजवळची.

म्हणून व्यवस्थापनाकडे पहिली मागणी मोजमापाची करा. कॉलरला लावायचा बिल्ल्यासारखा नमुनासंग्राहक मिळतो. तो दिवसभर लावून मग प्रयोगशाळेत तपासतात. एक बिल्ला पूर्ण पाळीसाठी, दुसरा फक्त डबे भरण्याच्या पंधरा मिनिटांसाठी. हे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा पुण्या-मुंबईत आहेत. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथल्या औद्योगिक स्वच्छता विभागाकडे रुग्णालयानं लेखी विचारणा करावी. ऑनलाइन मिळणारं स्वस्त मीटर घेऊ नका. तुमच्या खोलीत स्पिरिट आहे, झायलीनसारखं द्रावक आहे, त्यांच्या वाफांनीही ते वाट्टेल तो आकडा दाखवेल.

आणि नाकाला मोजमाप समजू नका. अर्ध्या तासानं वास थांबतो तो हवा स्वच्छ झाली म्हणून नाही, वासाची नस थकते म्हणून. पहिल्या पाच मिनिटांत डोळे चुरचुरले, तर त्या दिवसाची खरी खबर तीच.

मोजमाप येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. डबे भरायचं काम सगळ्यात आधी बंद करा. आधीच भरलेले डबे विकत मिळतात. ते परवडत नसतील तर खाली तोटी असलेला कॅन घ्या, म्हणजे उंचावरून ओतावं लागत नाही. नमुना कापण्याआधी वाहत्या पाण्यात धुऊन घ्या, सरांची हरकत नसेल तितका वेळ. टाकाऊ तुकड्यांच्या डब्याला झाकण हवं, उघडी बरणी टेबलावर राहायला नको. ज्या आम्लानं हाड मऊ करता ते हायड्रोक्लोरिक असेल तर त्याची बाटली फॉर्मलिनपासून दूर, दुसऱ्या कपाटात ठेवा. दोघांच्या वाफा मिसळून बिस-क्लोरोमिथाइल इथर नावाचं आणखी वाईट कॅन्सरकारक रसायन बनू शकतं.

एसी बाहेरची हवा आणत नाही, तीच हवा थंड करून पुन्हा तुमच्याकडे फेकतो. छताजवळचा पंखा टेबलावरची वाफ तुमच्या तोंडासमोरून वर ओढून नेतो. वाफ तोंडाकडे यायच्या आत टेबलाच्या खाली किंवा मागं ओढली गेली पाहिजे, तसं खास ग्रॉसिंग टेबल मिळतं. ते महाग आहे, पण रुग्णालयानं खर्च करायचा तो इथं. तोवर खिडकी उघडा आणि एसी बंद ठेवा. सांगलीच्या उन्हाळ्यात हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे.

तुमच्या मिस्टरांना सांगा, साधा मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, वायू अडवत नाही. वायूसाठी फॉर्मल्डिहाइडचं खास काडतूस लावलेला अर्धा मुखवटा लागतो. तो सांडलवंड पुसताना वापरायचा, रोज आठ तास घालून खोली जशीच्या तशी ठेवण्यासाठी नाही. हातमोजे नायट्राइलचे घ्या आणि ओले झाले की लगेच बदला.

मुलाबद्दल. फिनलंडमध्ये लॅबमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास झाला होता. फॉर्मलिन, झायलीन आणि टोल्युइन वारंवार हाताळणाऱ्यांमध्ये गर्भपात जास्त दिसले. एका अभ्यासावरून घाबरायचं नाही, पण इथं थोडी काळजी घेणं स्वस्त आहे आणि पश्चात्ताप महाग. नोकरी सोडू नका. प्रयत्न सुरू करण्याच्या आधीपासूनच ग्रॉसिंग, डबे भरणं आणि झायलीनचं काम दुसऱ्याकडे द्यायला लेखी सांगा. तुम्ही मायक्रोटोमवर (पातळ काप घेण्याच्या यंत्रावर), नोंदींवर काम करा. ज्याच्याकडे ते काम जाईल त्याच्यासाठीही वरचे सगळे बदल हवेत, नाहीतर आपण फक्त माणूस बदलला. आणि सासूबाईंवर रागावू नका. त्यांना काळजी आहे, आणि ती बिनबुडाची नाही.

रक्ततपासणीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. फॉर्मलिननं कॅन्सर होणार का, हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. शरीरात ते मुळातच असल्यानं रक्तात-लघवीत शोधून उपयोग नाही. सीबीसी एकदा करून ठेवा, आजची नोंद म्हणून. ती नॉर्मल आली म्हणजे पुढचा परवाना मिळाला असं समजू नका. त्यापेक्षा फुप्फुसांची फुंकर-चाचणी करून घ्या. फॉर्मलिनचा रोजचा, दिसणारा त्रास दमा आणि त्वचेची ॲलर्जी हा आहे, आणि तो कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त जणांना होतो. रात्री खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज येतो का? रविवारी, सुट्टीत बरं वाटतं का? असेल तर महिनाभर वहीत लिहा आणि छातीच्या डॉक्टरांना ती वही दाखवा.

मला कॅन्सर होईल का, हे तुम्ही विचारलंत. सहा वर्षांच्या या कामानं तुमचा धोका थोडा वाढला असू शकतो. तो 'थोडा' फार लहान असण्याची शक्यता मोठी आहे आणि आज बदल केलात तर पुढची तीस वर्षं तो फारसा वाढणार नाही. यापेक्षा नेमकं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल.

मामांचा आजार फॉर्मलिननं झाला असं मी म्हणू शकत नाही आणि झाला नाही असंही म्हणू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत ते कोणालाच सांगता येत नाही. त्यांची किती वर्षं, कोणतं काम, हातमोजे होते का, आजार कोणता, कधी निघाला, हे कागदावर असायला हवं. तुमच्या लॅबमध्ये तशी वही नसेल तर तुम्ही सुरू करा आणि पहिली नोंद त्यांची करा. जुने नमुने ओतणं हा सगळ्यात मोठा झोत असतो, आणि तो खोलीतल्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या तोंडावर येतो. त्यांच्या जागी आता जे नवे मामा आले असतील, मागवलेल्या बिल्ल्यांतला एक त्यांच्या कॉलरला लावा.

प्रश्न : माझे यजमान नाशिकला मॉड्युलर किचनचं काम करतात. बंद गाळ्यात दिवसभर प्लाय आणि एमडीएफ कापतात. तुम्ही मागं कधीतरी लिहिलं होतं की त्याच्या गोंदात फॉर्मलिन असतं. त्यांच्यासाठी काय करावं?

उत्तर : गोंद युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो, त्यातून वायू सुटतो आणि ऊन, दमटपणा वाढला की जास्त सुटतो. गाळ्याचं शटर उघडं ठेवा, ताजे कापलेले तुकडे आत रचून ठेवू नका, कमी वायू सोडणारा माल मागा. पण ताई, तुमच्या यजमानांच्या बाबतीत मला त्याहून जास्त भीती भुशाची वाटते. लाकडाची धूळ स्वतःच पहिल्या गटात आहे, तिनं नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा कॅन्सर होतो. कटरलाच जोडलेला धूळ ओढणारा पाइप हवा. नुसता रुमाल बांधून उपयोग नाही. इथं एन-९५ कामाचा आहे, कारण ही धूळ आहे. झाडू मारून भुसा पुन्हा उडवू नका, ओढून घ्या किंवा ओल्या फडक्यानं टिपा. एकाच बाजूचं नाक सतत चोंदलेलं किंवा एकाच बाजूनं रक्त, असं काही आठवडे राहिलं तर सर्दी म्हणून सोडू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या.

प्रश्न : आई रत्नागिरीला मिरकरवाड्याजवळ मासे विकते. गोव्यात फॉर्मलिनच्या माशांचा गोंधळ झाला होता तेव्हापासून गिऱ्हाईक विचारतं. बोंबलात फॉर्मलिन असतं म्हणतात. खरं का? आईच्या हातांना काही होईल का?

उत्तर : जुलै २०१८ मध्ये गोव्यात ते प्रकरण झालं आणि सरकारनं पंधरा दिवस बाहेरचे मासे बंद केले होते. मासे टिकवायला फॉर्मलिन घालणं गुन्हा आहे आणि तसा मासा विकू नये. बोंबलाची गोष्ट निराळी आहे. मासा मेल्यावर त्याच्याच मांसात थोडं फॉर्मल्डिहाइड तयार होतं आणि बोंबलात ते इतर माशांपेक्षा बरंच जास्त तयार होतं, कोणी काही न घालता. म्हणून नुसत्या 'आढळलं' या शब्दावर बोंबील दोषी ठरत नाही, किती आढळलं ते पाहावं लागतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं तपासणीची पट्टी काढली आहे, आईला गिऱ्हाइकांसमोर ती वापरता येईल. माशातल्या तेवढ्यानं हातांना काही होत नाही. त्यांच्या बोटांना चिरा पडत असतील तर त्या बर्फानं आणि खारट पाण्यानं. रात्री हात कोरडे करून खोबरेल लावायला सांगा.